मॅकिननचं नसलेलं पेन: एका जुन्या स्टायलोची तपासणी

इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडून मी एक जुनं स्टायलोग्राफिक पेन, थोडक्यात स्टायलो, घेतलं. वर्णनात त्याने तीन गोष्टी ठामपणे लिहिल्या होत्या: पेन मॅकिननचं, म्हणजे स्टायलोच्या आद्य निर्मात्यांपैकी एकाचं आहे, 1876 च्या सुमाराचं आहे आणि व्यवस्थित लिहितं. पेन हातात आल्यावर तिसरी गोष्ट खरी नसल्याचं लगेच कळलं. टोकातली सुई घट्ट बसली होती. उरलेल्या दोन गोष्टींचा निकाल पेन उघडल्याशिवाय लागणार नव्हता, आणि उघडताना ते मोडण्याची भीती होती. जुन्या स्टायलोंचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकाला हा पेच कधी ना कधी पडतोच, म्हणून हे एकच प्रकरण सविस्तर मांडतो.

आधी हे पेन चालतं कसं ते सांगायला हवं. स्टायलोला निब नसते. निबेच्या जागी धातूची बारीक नळी असते आणि तिच्यातून केसाएवढी तार, म्हणजेच सुई, किंचित बाहेर डोकावते. पेन कागदावर टेकवलं की सुई आत सरकते, शाईची वाट मोकळी होते आणि सुईच्या कडेने शाई कागदावर उतरते. पेन उचललं की सुई परत खाली येते आणि वाट बंद होते. टोकात एक झडप आहे आणि ती लिहिणाऱ्याच्या हाताच्या दाबावर चालते, इतकी ही साधी युक्ती.

साधी असली तरी तिने काय साधलं ते तो काळ डोळ्यांसमोर आणल्याशिवाय कळत नाही. 1870 च्या दशकात अमेरिकेत काय किंवा आपल्याकडे काय, लिहायचं म्हणजे टाक दौतीत बुडवायचा, चार शब्द लिहायचे, पुन्हा बुडवायचा. पोटात शाई ठेवणारी पेनं त्याआधीही निघाली होती, पण शाई एक तर अडायची किंवा भदकन सांडायची. डंकन मॅकिनन हा न्यूयॉर्कमध्ये राहणारा कॅनेडियन आणि ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सचा अलोन्झो क्रॉस, या दोघांनी त्याच दशकात शाईच्या प्रवाहाला सुईचा पहारा बसवला. खिशात ठेवता येणारं, दौतीशिवाय पानंच्या पानं लिहिणारं पेन लोकांना मिळालं आणि पुढची जवळपास दहा वर्षं स्टायलोला जोरदार मागणी राहिली. आज आपण ज्याला फाउंटन पेन म्हणतो त्याचा बाजार उभा राहण्याआधीची ही गोष्ट आहे. पेनांच्या इतिहासात स्टायलोची बोळवण एका परिच्छेदात होते. मला तो अन्याय वाटतो.

आता हातातल्या पेनाकडे येतो. ते एबोनाइटचं आहे. रबरात भरपूर गंधक घालून ते तापवलं की लाकडासारखा कडक, कातता येणारा पदार्थ तयार होतो. नेल्सन गुडइयरने 1851 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. शाईने तो गंजत नाही आणि त्यावर आटे उत्तम पडतात, म्हणून पुढे कित्येक दशकं पेनं त्याचीच होत राहिली. त्यात दोष एकच: उजेड आणि ओल लागली की पृष्ठभागातलं गंधक बदलतं आणि काळा रंग तपकिरी होत जातो. माझ्या पेनाची मुख्य नळी, म्हणजे हातात धरायचा भाग, सगळीकडून मळकट तपकिरी होती. टोपण काढल्यावर त्याखाली झाकलेला भाग मात्र नव्यासारखा काळाभोर निघाला. याचा अर्थ पेन बराच काळ टोपण लावून उजेडात पडलेलं होतं. टोपणाच्याही एका बाजूला उभी, बोटाच्या नखाहून अरुंद अशी काळी पट्टी होती. ती पट्टी काय आहे हे मला सुरुवातीला उमगलं नाही.

नळीवर नाव नव्हतं. एबोनाइटवर उमटवलेली अक्षरं वापराने झिजतात, पण दिव्याचा झोत अगदी तिरपा टाकला की पुसट खुणा बहुतेक वेळा दिसतात. इथे तशी एकही खूण नव्हती. मग विक्रेत्याने मॅकिननचं नाव आणलं कुठून? मी विचारल्यावर त्याचं उत्तर आलं की निब नाही, नळी टोक आहे, आतून हवेची नळी दिसते, म्हणजे मॅकिननच. या पद्धतीवर माझा मुख्य आक्षेप आहे. बाजारात निनावी स्टायलो दिसलं की त्याला सगळ्यात जुनं नाव आणि सगळ्यात जुनं साल चिकटवलं जातं. बाहेरून सगळे स्टायलो एकाच घरातले दिसतात. खरा फरक आत असतो, आणि आत पाहण्याचे कष्ट कुणी घेत नाही.

आत काय पाहायचं? मॅकिननच्या सुरुवातीच्या पेनात सुईच्या मागे एक छोटं वजन असे. पेन टोक खाली करून धरलं की त्या वजनाने सुई खाली यायची. क्रॉसने वजनाच्या जागी स्प्रिंग आणली, त्यामुळे पेन कसंही धरलं तरी सुई आपल्या जागी परत येई. पुढे बहुतेकांनी स्प्रिंगचाच मार्ग धरला. म्हणून 1876 च्या मॅकिननच्या पेनात स्प्रिंग सापडायला नको. एवढी एक गोष्ट पाहिली की दावा टिकतो की पडतो ते ठरतं.

पण उघडायचं कसं, हा खरा प्रश्न होता. टोकाचा भाग नळीत आट्यांनी बसवलेला असतो. शाई आणि धूळ आट्यांत वाळून त्याची खळ झालेली असते. जोर लावला तर एबोनाइट तडकतं. शंभर वर्षांनंतर ते बऱ्यापैकी ठिसूळ झालेलं असतं. ते पाण्यात बुडवून ठेवा असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तोच सगळ्यात वाईट सल्ला आहे. रंग उडालेलं एबोनाइट पाण्यात ठेवलं की ते आणखी तपकिरी होतं, पाण्याला गंधकाचा वास येतो आणि गेलेला रंग परत येत नाही. गरम पाणी तर त्याहून वाईट. कोरडी ऊब हाच सुरक्षित मार्ग. केस वाळवायच्या ड्रायरची हवा दुरून, पेन सतत फिरवत, हाताला सोसेल इतपतच द्यायची. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन्ही बाजूंना गुंडाळून हळूच पीळ द्यायचा. सुटलं नाही तर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊब द्यायची. हे काम घाईचं नाही. माझं पेन सुटायला काही आठवडे गेले, पण आटा सुटला तेव्हा एक टवकाही उडाला नाही.

टोकाच्या भागामागे एबोनाइटची बारीक नळी निघाली. पेनाच्या बुडाशी असलेल्या भोकातून येणारी हवा शाईच्या जागेत पोचवण्याचं काम तिचं. तिच्या तोंडाशी खाचेत बसलेली, तीन-चार वेढ्यांची इवलीशी स्प्रिंग होती आणि सुई त्या स्प्रिंगला जोडलेली होती. वजन नव्हतं. 1876 च्या मॅकिननचा दावा तिथेच संपला.

ती स्प्रिंग पिवळसर रंगाची होती आणि गंजाचा डागही नव्हता. याचं मला खरंच आश्चर्य वाटलं, कारण त्या काळची काळी शाई बहुधा लोहाच्या क्षारांची असे. हिराकस आणि मायफळातलं टॅनिन एकत्र करून ती बनत असे. कागदावर ती काळी पडते आणि पाण्याने जात नाही, म्हणून कचेऱ्यांना प्रिय. पण ती आम्लधर्मी असते. पोलादाला खाते आणि वाळली की न विरघळणारा गाळ मागे ठेवते. सुई अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण हा गाळ. या पेनाचं टोक ओलं केलं तेव्हा मात्र कापसावर जांभळा रंग उतरला. म्हणजे शेवटच्या मालकाने अॅनिलीन रंगाची शाई वापरली होती. विल्यम पर्किनने 1856 मध्ये लंडनमध्ये पहिला अॅनिलीन रंग शोधला आणि पुढे त्या घराण्यातल्या रंगांच्या शाया बाजारात आल्या. त्या पाण्यात विरघळतात. पेनाचं नशीब बरं होतं.

टोक मोकळं करताना मी फक्त धातूची नळी पाण्यात राहील एवढीच पातळी ठेवली, एबोनाइटला थेंब लागू दिला नाही. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. पाणी जांभळं झालं की बदलायचं. टोकातून टाचणी खुपसायची नाही, कागदावर दाबून सुई मोकळी करायची नाही आणि सुई मागून ओढायची तर मुळीच नाही. ती तार वाकली की तिला सरळ करता येते असं वाटतं, पण नळीचं भोक आणि तार यांच्यात जागाच इतकी कमी असते की एवढासा बाक राहिला तरी ती घासते. तुटली तर त्या जाडीची, शाईला दाद न देणारी तार शोधून बसवणं हे वेगळंच दुखणं.

सगळा जांभळा रंग निघून गेला तरी सुई हललीच नाही. तेव्हा मी पेन पुण्यातल्या एका वृद्ध घड्याळजींकडे नेलं. आमच्या घरातली घड्याळं ते पूर्वीपासून दुरुस्त करत आले आहेत. त्यांनी पेन हातात घेतलंच नाही. मलाच धरायला सांगून डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “साहेब, सुई अडकलेली नाहीये. स्प्रिंग खाचेतून एका बाजूला उतरलीये. म्हणून सुई तिरपी झालीये.” मी म्हटलं, “काका, बसवता येईल?” ते म्हणाले, “बसेल. पण तुम्ही श्वास सोडू नका.” घड्याळातल्या बॅलन्स व्हीलची केसासारखी बारीक स्प्रिंग हाताळणाऱ्या चिमट्याने त्यांनी स्प्रिंगचा शेवटचा वेढा उचलून खाचेत टाकला. सुई तिथल्या तिथे वर-खाली झाली.

याच वेळी त्यांनी एक गोष्ट दाखवली जी मी पाहूनही पाहिली नव्हती. टोकाच्या नळीची कड गोल नव्हती, एका बाजूने तिरपी घासलेली होती. स्टायलो जवळपास उभं धरायचं असतं. तिरपं धरलं तर सुईवर नीट दाब येत नाही आणि कागदाला नळीची एकच कड लागते. या पेनाचा मालक ते टाकासारखं आडवं धरून लिहीत होता आणि वर्षानुवर्षं लिहीत होता, कारण धातू झिजायला तेवढा काळ लागतो.

ही झिजलेली कड मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा वाटते, कारण स्टायलो मागे का पडलं ते तिच्यावरून समजतं. लोकांचा हात निबेला सरावलेला होता. त्या काळच्या अमेरिकन आणि इंग्रजी वळणात खाली येणारी रेघ जाड आणि वर जाणारी बारीक असावी लागे. त्यावर अक्षराचं सौंदर्य जोखलं जाई. स्टायलोची रेघ सगळीकडे एकसारखी. शिवाय पेन उभं धरायची सक्ती. 1884 मध्ये लुइस वॉटरमनने न्यूयॉर्कमध्ये निबेखालच्या फीडचं, म्हणजे निबेपर्यंत शाई पोचवणाऱ्या भागाचं, पेटंट घेतलं. शाई आणि हवा यांची देवाणघेवाण त्यात बारीक खाचांतून होत असल्याने निबेचं पेनही भरवशाचं झालं आणि स्टायलोची मुख्य मिरासदारी गेली. इंग्लंडमध्ये डे ला रू कंपनीने आपल्या निबेच्या पेनाला ‘अँटी-स्टायलोग्राफ’ असं नावच दिलं होतं. नवीन माल ज्याच्या विरोधात उभा आहे त्याचंच नाव लावून विकावा लागतो, यावरून स्टायलोचा दबदबा किती होता ते दिसतं.

तरी ते संपलं नाही. कडक टोकामुळे कार्बन पेपर घालून प्रती काढायला ते सोयीचं होतं. निबेवर तसा जोर देता येत नाही, ती फाकते. त्यामुळे स्वस्त स्टायलो पुढेही निघत राहिले. न्यूयॉर्कच्या इंकोग्राफ कंपनीने विसाव्या शतकात तशी पेनं मुबलक विकली. जर्मनीत 1928 मध्ये विल्हेल्म रीपे यांच्या हॅम्बुर्गच्या कंपनीने ‘टिंटेनकुली’ नावाचं स्टायलो आणलं. त्याच कंपनीला पुढे जग रोट्रिंग म्हणून ओळखू लागलं आणि 1953 मध्ये तिने रॅपिडोग्राफ हे नकाशे काढायचं पेन बाजारात आणलं.

इथे आमच्यासारख्यांचा या पेनाशी थेट संबंध येतो. मुंबई-पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजांत किंवा सिव्हिलच्या ड्रॉइंग हॉलमध्ये ज्यांनी ट्रेसिंग पेपरवर इंकिंग केलं आहे, त्यांनी हेच स्टायलो हाताळलं आहे, फक्त नाव वेगळं होतं. पेन हलवल्यावर आतून येणारा टिकटिक आवाज सुईमागच्या वजनाचा. 0.25, 0.35, 0.5, 0.7 अशा जाडींची पेनं क्रमाने मांडून ठेवलेली असत, आणि प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या साधारण 1.4 पट. नकाशा एका मापातून दुसऱ्या मापात लहान-मोठा केला तरी रेघा प्रमाणात राहाव्यात म्हणून ती व्यवस्था. जी एकसारखी रेघ पत्रलेखनात उणीव ठरली, तिचीच नकाशात गरज होती. सबमिशनच्या आदल्या रात्री अडलेली सुई ओढून मोडल्याचं दुःख आमच्या पिढीतल्या अनेकांनी भोगलं आहे. त्यामुळे जुन्या स्टायलोची सुई ओढू नका हे कुठल्याही आर्किटेक्टला दोनदा सांगावं लागत नाही.

मग या पेनाचं वय किती? माझा तर्क असा. क्रॉसची पेटंटं 1870 च्या दशकाच्या अखेरची आणि त्यानंतरची. अमेरिकेत त्या वेळी पेटंटची मुदत 17 वर्षं होती. ती संपत आली तशी, म्हणजे 1890 च्या दशकाच्या मध्यापासून, स्प्रिंगचं स्टायलो कुणालाही बनवता येऊ लागलं. बिननावाचं, साधं, दागिन्यासारखी पट्टी नसलेलं हे पेन त्यानंतरचं असण्याचा संभव जास्त. आता टोपणावरच्या त्या काळ्या पट्टीचाही उलगडा झाला. तिथे पूर्वी पत्र्याची सरकवायची क्लिप होती. क्लिपखाली उजेड गेला नाही म्हणून तेवढा भाग काळा राहिला. टोपणाला पक्की बसवलेली क्लिप वॉटरमनने 1905 मध्ये आणली. वरून सरकवायच्या क्लिपा वेगळ्या विकत मिळत. क्लिप गेली, तिची सावली राहिली. या पट्टीवरून पेनाच्या जन्माचं साल सांगता येणार नाही. पण कुणीतरी ते खिशाला लावून फिरत होता आणि लिहिण्यासाठीच वापरत होता, हे तिच्यावरून नक्की कळतं.

यानंतर संग्रह करणाऱ्या मंडळींशी माझा एक वाद झाला. त्यांचं म्हणणं, आता एबोनाइट पुन्हा काळं करून घे, पॉलिश कर, पेन देखणं होईल. तसं करायची रसायनं आणि बारीक पॉलिश पेपर मिळतात. मी नकार दिला. पॉलिश केलं की ती क्लिपची पट्टी जाईल, टोपणाखालच्या काळ्या आणि बाहेरच्या तपकिरी रंगांमधली सीमाही जाईल. टोकाची झिजलेली कड घासून गोल केली तर पेन कदाचित अधिक सफाईने लिहील, पण ते कुणी कसं वापरलं हे सांगणारी एकमेव खूण संपेल. निबेच्या पेनात निबेवर शिक्का असतो, निब बदलली तरी ओळख पटते. निनावी स्टायलोत सांगण्यासारखं जे काही आहे ते याच खुणांमध्ये आहे. आपण जुनं भांडं घासून लखलखीत करतो तसा विचार इथे करू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुरुस्ती आणि सजावट यांत मी एक रेघ ओढतो. सुई हलली पाहिजे, कारण सुई न हलणारं स्टायलो हे स्टायलोचं कवच उरतं. त्यापलीकडे हात लावायचा नाही. आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं, शाई झिरपू नये म्हणून. भरायला साधी, धुतली जाणारी निळी शाई घेतली. चायना इंक किंवा तांत्रिक पेनांची दाट काळी शाई या जुन्या नळीत कधीही घालू नये. ती वाळली की पेन पुन्हा याच अवस्थेत येतं. ड्रॉपरने शाई भरली, बुडाचं हवेचं भोक मोकळं केलं, पेन जवळपास उभं धरून मराठी लिहिलं. रेघ बारीक, एकसारखी, किंचित खरखरीत आली. झिजलेली कड खाली येईल असं पेन फिरवून तिरपं धरलं की खरखर कमी होते. जुन्या मालकाचा हात कुठल्या बाजूला कललेला असे ते माझ्या बोटांना कळलं.

विक्रेत्याला मी उघडलेल्या भागाचा फोटो पाठवला आणि स्प्रिंग दाखवली. त्याने काही रक्कम परत केली, पण इतर तशाच पेनांचं वर्णन बदलायला तयार झाला नाही. म्हणून आता स्टायलो घेताना मी तीन फोटो मागतो: टोक समोरून, म्हणजे सुई नळीच्या मध्यावर आहे की नाही ते दिसतं, टोक बाजूने, म्हणजे झीज कळते, आणि टोपण काढलेली नळी, म्हणजे मूळ रंग कळतो. पेन उघडून दाखवा असं मात्र कधीच म्हणत नाही. विक्रेत्याने घाईत पीळ दिला तर पेनच जायचं.

संग्रहाच्या नोंदवहीत या पेनासमोर मी लिहिलं आहे: निनावी स्टायलो, काळं एबोनाइट, स्प्रिंगची सुई, बहुधा 1895 नंतरचं, टोक तिरपं झिजलेलं, पूर्वी सरकती क्लिप, अॅनिलीन शाई, स्प्रिंग खाचेत परत बसवली, रंगाला हात लावलेला नाही.